टेप नसलेला कपडेपट: ‘ड्रेस टू इम्प्रेस’ खेळून पाहिल्यावर

आधी खेळ काय आहे ते सांगते, मत मागाहून. ‘ड्रेस टू इम्प्रेस’ हा रोब्लॉक्सवरचा, म्हणजे लोकांनी बनवलेले खेळ जिथे ऑनलाइन खेळता येतात त्या व्यासपीठावरचा खेळ. मुली त्याला नुसतं डीटीआय म्हणतात. खेळ सुरू झाला की पडद्यावर एक विषय येतो. जलपरी, लग्न, भविष्यकाळ, भुताटकी, काहीही. मग हातात पाचेक मिनिटं. तेवढ्यात एका भल्यामोठ्या दालनात पळत फिरायचं, भिंतींलगत मांडलेले कपडे, केस, बूट, पर्सेस, चष्मे उचलून आपल्या बाहुलीवर चढवायचे, रंगवायचे, चेहरा करायचा. वेळ संपली की एकेक जण रॅम्पवर चालते, पोझ देते आणि बाकीच्या तिला एक ते पाच तारे देतात. बेरीज होते, पहिले तीन नंबर पायऱ्यांवर उभे राहतात, आणि त्यांचं कौतुक पुरतं व्हायच्या आत पुढचा विषय. २०२३ मध्ये आलेल्या या खेळाच्या भेटींचा आकडा अब्जांत गेलाय. दहा ते बारा वयाची मुलगी घरात असेल तर तुम्ही त्याचं नाव ऐकलं असणारच, नसेल तर आज तिला विचारा आणि तासभर मोकळा ठेवा.

माझा यात संबंध असा, की मी नाटकाचा कपडेपट सांभाळते. बालनाट्यं जास्त. राणी, कोल्हा, ढग, पोस्टमन, दात किडलेला राक्षस, सांगाल ते शिवते. त्यामुळे याच वयाच्या मुली सतत माझ्यापुढे हात पसरून उभ्या असतात. तालमीत त्यांचा प्रवेश नसला की कोपऱ्यात कोंडाळं करून हाच खेळ चालतो. शिवाय भाची आहेच, अकरा वर्षांची. ‘मावशी, तू तर खरी ड्रेसवाली, तू धुऊन काढशील सगळ्यांना’ असं म्हणून तिनेच मला बसवलं. मी कोणालाही धुऊन काढलं नाही, बहुतेक वेळा शेवटून मोजावं लागलं. पण खेळत राहिले, कारण एक तर मजा येत होती, आणि दुसरं म्हणजे मला कपड्यांपेक्षा त्या मुलींचंच कुतूहल वाटायला लागलं.

कपड्यांची बाजू खरंच चांगली जमलीय, ती आधी सांगते. एक झगा उचलला, घातला, झालं, असा कारभार नाही. कपड्याच्या वेगवेगळ्या भागांना वेगळा रंग देता येतो, त्यावर नमुने चढवता येतात, आणि मुख्य म्हणजे एकावर एक घालता येतं. मुली याला लेअरिंग म्हणतात. एका झग्यावर दुसरा घालून घेर वाढवायचा, हातमोज्यांना झग्याचाच रंग देऊन लांब बाही करायची, पायमोज्यांना बुटांचा रंग दिला की गुडघ्यापर्यंतचे बूट तयार. मी हे पाहिलं आणि हसायलाच आलं, कारण पैसे कमी आणि पात्रं जास्त असली की मीही नेमकं हेच करते. ज्या गोष्टी मला माझ्या हाताखालच्या माणसांना महिनोन् महिने सांगाव्या लागतात, की लांबून काय दिसेल तेवढंच बघ, शिवण कोणी मोजत नाही, त्या या मुलींना आपोआप कळलेल्या आहेत.

विषय वाचायचीही त्यांची एक रीत आहे. ‘वाय-टू-के’, म्हणजे २००० सालच्या आसपासची फॅशन, हा शब्द आला की माझी भाची क्षणभरही थांबत नाही. खाली उतरलेल्या कमरेची पँट, आखूड टॉप, चमचमतं काहीतरी, रंगीत काचांचा बारकासा चष्मा. २००० साली हिची आईसुद्धा शाळेत होती! पण हिला त्या काळाचा पोशाख पाठ. कॉटेजकोर म्हणजे खेड्यातल्या घरातलं साधं, फुलाफुलांचं, ग्रंज म्हणजे ढगळ आणि विस्कटलेलं, गॉथिकमध्ये काळा चालतो पण त्याबरोबर लेस आणि क्रॉस हवा, हे सगळं तिने कुठून गोळा केलं विचारलं तर ‘असंच’ म्हणते. थोडं व्हिडिओंतून, बरंचसं हरून. विषय चुकला की तारे मिळत नाहीत, मग पुढच्या वेळी तो शब्द शोधून बघितला जातो. पोशाखाचा इतिहास कोणी मला अशा तऱ्हेने शिकवला असता तर बरं झालं असतं.

तिच्याकडे एक वही आहे. अर्ध्या पानावर विषय, खाली बाहुलीचं चित्र, बाण काढून बारीक अक्षरात सूचना. ‘केस क्र. दोन + बुरखा, टोपीच्या आत’. ‘हा स्कर्ट पाठीमागून उघडा दिसतो, जॅकेट घाल.’ एका पानावर ‘समुद्राखाली’ असा विषय आहे. सगळ्या जलपऱ्या होणार हे उघड होतं, म्हणून हिने जेलिफिश करायचं ठरवलं. मी शेजारीच बसले होते. रुंद कडेची टोपी, तिला फिकट गुलाबी रंग. टोपीवरून पातळ जाळी. केस पांढरे, सरळ आणि कमरेपर्यंत, म्हणजे ते टोपीखालून तंतूंसारखे लोंबतील. खाली एकावर एक तीन पारदर्शक घेर, वरचा सर्वांत फिका आणि खालचा जांभळट. अंगाचा रंगही त्याच छटेचा, म्हणजे माणूस कुठे संपतो आणि कपडा कुठे सुरू होतो ते कळू नये. शेवटची वीस सेकंदं उरली तेव्हा तिने बूट काढून टाकले. ‘जेलिफिशला बूट कशाला?’ माझ्या कपडेपटात कोणी हे केलं असतं तर मी त्याला कामावरच ठेवून घेतलं असतं.

रॅम्पवर ती चालली, एक संथ डुलती पोझ दिली आणि मतदान झालं. पायऱ्यांवर तीन जलपऱ्या उभ्या राहिल्या. त्यांतली एक तर जलपरीही नव्हती, मोठ्या घेराचा निळा झगा होता नुसता. मी चिडले. भाची नाही चिडली. म्हणाली, ‘अगं मावशी, बघायला किती कमी वेळ असतो. तेवढ्यात सुंदर कळतं, जेलिफिश नाही कळत.’

या खेळाचं परीक्षण मी इथेच लिहून थांबवू शकले असते, कारण त्याची सगळी गंमत आणि सगळी अडचण या मतदानात आहे. कपडे हे निमित्त. खरा खेळ तारे देण्याचा आणि मिळवण्याचा. मत देणारी माणसं तीच, जी जिंकायलाही आली आहेत. म्हणजे परीक्षक वेगळे नाहीतच, स्पर्धकच एकमेकांना गुण देतात. कोणी किती दिले ते कळत नाही, फक्त शेवटची बेरीज दिसते. एक तारा द्यायला काही लागत नाही, पाच द्यायलाही काही लागत नाही. आता अशा ठिकाणी अकरा वर्षांच्या डोक्यात काय काय चालतं ते बघा.

तालमीला येणाऱ्या मुलींना मी विचारत गेले. एक म्हणाली, मी सगळ्यांना पाच देते, कटकटच नको. दुसरी म्हणाली, माझ्यापेक्षा चांगलं केलंय तिला एक, बाकीच्यांना चार-पाच. हे तिने अगदी शांतपणे सांगितलं, जणू बुद्धिबळातला डाव आहे. तिसरीचा हिशेब सर्वांत गुंतागुंतीचा होता. विषय पाळला असेल तर तीनच्या खाली जायचं नाही, विषय सोडून नुसता मोठा झगा घातला असेल तर दोनच्या वर जायचं नाही, आणि ओळखीची असेल तर एक तारा वाढवायचा, कारण ‘ते तर करावंच लागतं ना’. मोठमोठ्या नाट्यस्पर्धांत मी याहून ढिसाळ परीक्षण पाहिलंय.

चॅटमध्ये सौदे होतात ते निराळेच. पाचाला पाच. मी तुला पाच देते, तू मला पाच दे. सगळ्या हो म्हणतात, आणि देतात किती ते देवाला ठाऊक. मैत्रिणी एकत्र खेळत असल्या तर मामला जास्त नाजूक. चार जणींनी एकमेकींना पाच द्यायचं ठरवलेलं असतं, बेरीज येते ती जमत नाही, आणि मग कोण खोटं बोलली याचा तपास सुरू. आमच्या नाटकात ढग आणि पोस्टमन झालेल्या दोघींत यावरून चांगलीच धुसफूस चालली होती. प्रवेशात एकीने दुसरीला पत्र द्यायचं आहे, तर ती ते पत्र तिच्या हातात न देता खाली ठेवायची. दिग्दर्शकाला वाटलं, हा अभिनयातला प्रयोग आहे. मला कारण माहीत होतं, कपडेपटात सगळं कळतं.

मोठी माणसं यावर म्हणतात, कशाला हवा असला खेळ, मुली एकमेकींत भांडतात. मला ते पटत नाही. या वयात ‘मी इतरांना कशी दिसते’ हा प्रश्न मुली खेळ नसतानाही दिवसभर चघळतच असतात. वर्गात कोण कोणाशेजारी बसलं, डब्याच्या सुट्टीत कोणी हाक मारली नाही, ग्रुपमधून कोणाला काढलं. त्या वाचतात तीही पुस्तकं बघा, निम्म्या गोष्टी याच असतात: दोन जिवलग मैत्रिणी, मध्ये तिसरी येते, सगळं बिनसतं. खेळाने हा प्रश्न तयार केलेला नाही, त्याला फक्त आकडा दिला. आणि आकडा हीच मला खुपणारी गोष्ट आहे. मैत्रिणीने नाक मुरडलं तर ‘तिला नाही आवडलं’ इतकंच कळतं. इथे बेरीज समोर येते, आपली आणि तिची शेजारीशेजारी, दर काही मिनिटांनी. त्यातून बिचारी जेलिफिश हळूहळू मोठ्या घेराच्या झग्याकडे वळते. भाचीच्या वहीत पुढची पानं उलटली तर झगे वाढत गेलेले दिसतात.

आता टेपची गोष्ट. नऊ-दहा वर्षांच्या मुलीचं माप घ्यायला गेलं तर ती गुदगुल्या होतात म्हणून खिदळते. अकरा-बाराची झाली की खिदळणं बंद. ती पोट आत ओढून धरते. टेप कमरेभोवती गेला की श्वासच घेत नाही. मी आकडा उच्चारला की शेजारच्या मुलीकडे चोरून बघते. एकीने तर आधीच कानाशी येऊन सांगितलं, ‘मोठ्याने नका सांगू हं.’ तेव्हापासून मी आकडे बोलतच नाही, चिठ्ठीवर लिहिते आणि चिठ्ठी उपडी ठेवते. या वयात मुली मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी उंचीला सुटतात, त्यामुळे तालीम सुरू होताना घेतलेलं माप प्रयोगापर्यंत टिकेल याची खात्री नसते. मी शिवणीत नेहमीपेक्षा जास्त माया सोडते, खालची दुमड चार बोटं ठेवते, कमरेला इलॅस्टिक. आणि मुंढ्यात कपडा दाटला तरी मुलगी बोलत नाही, तो तसाच घालून नाचते, कारण दाटतंय म्हणायचं म्हणजे आपण वाढलोय हे सगळ्यांसमोर कबूल करायचं.

‘ड्रेस टू इम्प्रेस’मध्ये टेप नाही. कोणताही कपडा उचला, तो बसतो. दाटत नाही, लोंबत नाही, काखेत फाटत नाही. मुलींना हा खेळ का आवडतो याची पुष्कळ कारणं सांगितली जातात, मला मात्र हे एकच पुरेसं वाटतं. स्वतःचं अंग रोज जरासं अनोळखी होत असताना एक अशी जागा मिळते, जिथे कपडा घातला की घातला, कोणी माप घेत नाही. तालमीत अंग चोरून उभी राहणारी मुलगी इथे सोनेरी केस, हिरवी त्वचा आणि फुटभर उंच बूट घालून बिनदिक्कत रॅम्पवर येते.

पण शरीर सगळ्यांचं जवळजवळ एकाच साच्यातलं. उंच, सडपातळ, लांब पायांचं. त्वचेचा रंग हवा तो घ्या, चेहरा हवा तो घ्या, केसांना तर तोटाच नाही. मी खेळले तेव्हा बुटकी मात्र होता येत नव्हतं, जाड होता येत नव्हतं, आणि अकरा वर्षांचीही होता येत नव्हतं. ती बाहुली विशीतली बाई आहे. टेप नाही कारण माप आधीच ठरवून टाकलंय, असंही म्हणता येईल. माझ्या हातात असतं तर मी आणखी दोनशे झगे न घालता पाच-सहा वेगळी अंगं घातली असती. तीच जलपरी गोलमटोल करून बघा की, घेर किती सुरेख पडतो! मी खऱ्या कापडावर पाहिलंय.

बाहुलीला कपडे घालायचा नाद काही आजचा नाही. १८१० मध्ये लंडनमध्ये कागदी बाहुली आणि तिचे सुटे कागदी कपडे असा संच छापून विकला गेला होता. १९९६ मध्ये बार्बीच्या कंपनीने संगणकावर फॅशन डिझाइन करायची एक सीडी काढली. त्यात पडद्यावर कपडा बेतायचा, प्रिंटरमध्ये खास कापड घालून तो छापायचा आणि कापून बाहुलीला घालायचा. मुलींना संगणकावरचे खेळ नको असतात असं ज्या धंद्यात सगळे धरून चालले होते, तिथे या सीडीच्या पहिल्या दोन महिन्यांतच पाच लाखांवर प्रती खपल्या. मला ती कल्पना आजच्या खेळापेक्षाही आवडते, कारण शेवटी हातात कापड येत होतं. पण ती बाहुली एकटीची होती. तिच्याकडे बघून तारे देणारं कोणी नव्हतं.

खेळात लिहिलेलं-वाचायचंही काही आहे, हे मला उशिरा समजलं. दालनात एक नखं रंगवायचं सलून आहे. तिथली बाई, लाना. वरवर बघता ती नुसती नखं करते. पण अपडेट येत गेले तसतशी तिची एक भयकथा उलगडत गेली. लपलेली दारं, तळघर, इथेतिथे पेरलेले धागेदोरे. कथा सरळ कोणी सांगत नाही, मुलींनी ती जोडायची. आणि त्या जोडतात! ढग आणि पोस्टमन यांचं पुन्हा बोलणं सुरू झालं ते लानाच्या निमित्ताने. तिच्याबद्दल एकीचं एक म्हणणं, दुसरीचं दुसरं, आणि दोघींकडे पुरावे. शाळेच्या पुस्तकातला धडा या मुली इतका जीव लावून वाचत असतील असं मला वाटत नाही. ज्यांच्या घरी ‘वाचतच नाही’ अशी तक्रार आहे त्यांनी एकदा मुलीला लाना कोण ते विचारावं.

ऑगस्ट २०२४ मध्ये चार्ली एक्ससीएक्स या गायिकेबरोबर या खेळाने हातमिळवणी केली, तिच्या धर्तीचे कपडे आले. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. भाचीलाही गाणं कोणाचं ते ठाऊक नव्हतं, तिला चष्मे आवडले.

पैशांचं बोलू. खेळ फुकट आहे. पण दालनात एक व्हीआयपी खोली आहे, तिच्यात जायला रोबक्स लागतात, म्हणजे रोब्लॉक्सचं चलन, म्हणजे खरे पैसे. खोली लांबून दिसत राहते, हे महत्त्वाचं. आत काय आहे ते दिसतं आणि आत गेलेली मुलगी काय घालून आली तेही रॅम्पवर दिसतं. व्हीआयपीशिवाय जिंकता येतं, भाची जिंकलेली आहे. तरी ‘तिच्याकडे व्हीआयपी आहे’ हे वाक्य तालमीत मी ज्या सुरात ऐकलंय, त्यावरून खोली बांधणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगला कळतो म्हणायचं. थोडेफार कपडे कोड टाकून फुकट मिळतात. मुली ते कोड एकमेकींना तळहातावर लिहून देतात. हा प्रकार मला फार आवडला, सगळं त्या पडद्यात असताना कोड मात्र पेनाने, हातावर.

घरच्यांनी लक्ष घालायचं ते चॅटमध्ये. रोब्लॉक्स हा एक खेळ नव्हे, लोकांनी बनवलेल्या असंख्य खेळांचा पसारा आहे. २००६ पासून चालू आहे, आणि त्यात सगळ्या वयांची माणसं येतात. समोरची जलपरी दहा वर्षांची असेलच असं नाही. मुलांच्या सुरक्षेवरून कंपनीवर टीका झाली आहे, २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने तिला कोर्टातही खेचलं. कंपनीने बदल केलेत. नोव्हेंबर २०२४ पासून पालकांना स्वतःच्या खात्यावरून मुलीचं खातं जोडून घेता येतं, वेळेची आणि खर्चाची मर्यादा घालता येते, तेरा वर्षांखालच्या मुलांना खेळाबाहेरचे खासगी निरोप पाठवण्यावर आपोआप बंधनं आली. पुढे चॅटसाठी वय तपासणंही सुरू केलं. पण बाकीची कुलपं खात्यात जन्मतारीख खरी असेल तरच नीट लागतात. कितीतरी मुलींनी मोठी तारीख टाकलेली असते, कारण वर्गातल्या कोणीतरी तसं शिकवलेलं असतं. पहिलं काम तिथे करा.

चॅटमध्ये नको ते शब्द # या चिन्हांनी झाकले जातात. त्यात कधीकधी साधे शब्दही झाकले जातात, म्हणून मुलींनी आडवळणाची स्पेलिंगं शोधून काढलीत. भाचीचं चॅट मला निम्मं कळत नाही. तिला विचारलं की सांगते, विचारलं नाही तर सांगत नाही. म्हणून विचारते. शेजारी बसून दोन फेऱ्या खेळलं की विचारणं सोपं जातं, कारण तेव्हा आपणही हरलेलो असतो.

मतदानाचा जाच नको असेल तर एक सोय आहे: फ्रीप्ले. त्यात विषय नाही, घड्याळ नाही, तारे नाहीत. नुसतं दालन आणि कपडे. मला वाटलं होतं की मुलींना ते बेचव वाटेल. काहींना वाटतंच. पण भाची शाळेतून दमून आली की फ्रीप्लेमध्ये जाते, अर्धा-पाऊण तास एकच पोशाख घडवत बसते, कोणाला दाखवत नाही आणि बंद करते. तिथे तिची जेलिफिश परत आली. आता तिला छत्रीसुद्धा आहे. मी तिला विचारून त्या जेलिफिशचं चित्र घेतलं आणि पुढच्या नाटकातल्या समुद्राच्या प्रवेशासाठी नेट कापायला घेतली. तीन थर, फिक्याकडून गडदकडे, तिच्या वहीतल्या बाणांप्रमाणे. टोपीला आतून तार घालावी लागली, पडद्यावर ती आपोआप ताठ राहते, माझ्याकडे नाही.

माझा कौल: खेळ द्यावा. नऊच्या आत नको, त्या वयात घड्याळ आणि हरणं दोन्ही झेपत नाही, रडारड होते. दहापासून पुढे, तारीख खरी, खर्चाला मर्यादा, चॅट पालकाच्या नजरेत. सुरुवात फ्रीप्लेने. मैत्रिणींनी खेळायचं असेल तर खासगी सर्व्हर बरा, अनोळखी माणसं नसतात, तिथे धुसफूस झाली तरी घरातल्या घरात. पाचपैकी तारे द्यायचे तर कपड्यांना साडेचार, लानाला चार, अंगांना दोन आणि मतदानाच्या पद्धतीला दीड. बेरीज करून सरासरी मी काढणार नाही, ज्याला काढायची त्याने काढावी.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. फोनवर हा खेळ देऊ नका, टॅबलेट किंवा संगणक असेल तर तो द्या. फोनच्या पडद्यावर रंगाचं चक्र इतकं बारीक येतं की गुलाबी निवडायला गेलं की केशरी लागतो, आणि पाच मिनिटांतली दोन त्यातच जातात.